सारूजचा लेख गेला कुठे?

१

पुस्तक चोरीला गेलं की बोंब मारता येते. कुणी पान फाडलं तर निदान शिवणीत अडकलेला कपटा तरी हाती लागतो. पण जो लेख मुळात कुठे नव्हताच तो सापडेना झाला, तर तक्रार करायची कुणाच्या नावाने? फ्लाविया तुस्कानोवर ही पाळी आली ती एका गुरुवारी दुपारी. ओमानात तेव्हा आठवडा संपत आलेला असतो आणि नवी भानगड कुणालाच नको असते.

फ्लाविया मूळची वसईची. मस्कतजवळ अल खौदच्या पलीकडे एक खासगी विद्यापीठ आहे, तिथल्या इंजिनिअरिंगच्या ग्रंथालयात तिचं हे तिसरं वर्ष. पुस्तकं देणं-घेणं हे तिचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पोरांना शिकवणं: माहिती शोधायची कुठे, खरी-खोटी पारखायची कशी, आणि कुणाचं काही घेतलं तर त्याचं नाव द्यायचं कसं. वर्गात तिचा एकच धोशा असायचा, "शोधा, उघडा, वाचा. जे स्वतः वाचलं नाही, ते संदर्भात घालायचं नाही म्हणजे नाही!" पोरंही काही कमी नव्हती. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की आजचे समोसे शिळे आहेत, की दुसरा बोट वर करून विचारायचा, "सोर्स?" फ्लावियाच्या कानावर हे आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

त्या गुरुवारी सिव्हिलचे प्रमुख कॉनराड परेरा तिच्या टेबलाशी आले आणि एक अहवाल त्यांनी धपकन समोर टाकला.

"तुझ्या लाडकीनं काय दिवे लावलेत बघ, फ्लाविया."

परेरा सर वसईचेच. शुक्रवारी मस्कतमधल्या रुवीच्या चर्चमध्ये भेटले की घरच्या केळ्यांच्या गप्पा मारायचे. आज मात्र त्यांचा चेहरा आंबला होता.

अहवाल मुनिबाचा होता. शेवटच्या वर्षाची ही मुलगी, वडील मस्कतच्या गाला भागात स्पेअर पार्टचा धंदा करणारे, घराणं राजापूरकडचं. तिच्या गटात आणखी दोघं, अनय आणि महमूद. त्यांचा विषय सारूज. सारूज म्हणजे भाजलेली माती आणि चुना यांचा गिलावा. ओमानातले जुने पाण्याचे पाट आणि किल्ले त्यानेच लिंपलेले. महमूदच्या मामाच्या खजुराच्या वाडीत पाण्याची नवी टाकी व्हायची होती, ती सिमेंटऐवजी सारूजने लिंपावी, असं या पोरांचं म्हणणं. त्यांचा अख्खा तिसरा अध्याय एकाच लेखाच्या जिवावर उभा होता.

"आणि तो लेखच नाही," परेरा म्हणाले. "नियतकालिक आहे, वर्ष आहे, अंक आहे. लेखाचा पत्ता नाही. कॉम्प्युटरला विचारलं असणार यांनी, आणि त्यानं दिला असेल ठोकून. पण तू एकदा बघ. तुझ्या सहीशिवाय मी पुढे जात नाही."

फ्लावियाने आपलेच नियम पाळले. सगळीकडे शोधलं. लेखाचं नाव कुठेच नाही. ग्रंथालयाने कॉम्प्युटरवर चढवलेली त्या नियतकालिकाची प्रत तिने पाहिली, तिच्यातही नाही. मग कपाटातून छापील खंड काढला. गाला भागातल्या कुणा बाइंडरने मरून रेक्झिनमध्ये बांधलेला, कण्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. संदर्भात पानं दिली होती तीन ते चौदा. तिने पान तीन उघडलं. तिथे राउंडअबाउटवर गाड्या का तुंबतात यावरचा लेख होता. पान चौदापर्यंत गाड्याच तुंबलेल्या.

मागचा अर्धा खंड अरबीत होता. त्यात काय बघायचं? या देशात दुकानाच्या पाटीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं दोनदा छापतात, एकदा इंग्रजीत, एकदा अरबीत. फ्लावियाने ती पानं फरफर उलटली आणि खंड मिटला.

"नाही सर."

"मग लिहून दे. रविवारी सकाळी समिती बसतेय. बनावट संदर्भ म्हणजे विद्यापीठातून नाव कमी. नियम माझा नाही, पण लावावा मलाच लागणार."

फ्लावियाने 'लेख आढळला नाही' असं लिहून सही केली. सही करण्याआधी अहवालावरचं मुनिबाचं नाव तिने पुन्हा वाचलं. तीन वर्षांत तिच्या हाताखालून पाचशे पोरं गेली असतील, पण प्रत्येक संदर्भ दोनदा तपासणारी अशी ही एकच.

२

मुनिबा आली ती घामाघूम होऊन. तिचं मराठी घरातलं, तेही अडखळत. मधेच इंग्रजीचा टेकू घ्यायची.

"मॅडम, आय स्वेअर. लेख आहे. मी... मी स्वतः वाचलाय."

"कुठे वाचलास?"

"इथेच. लायब्ररीत. छापील."

"आकृती किती होत्या त्यात?"

मुनिबाने ओठ चावला. "दोन. नाही, तीन. मला नीट... मॅडम, टेबल होतं एक. पाण्यात ठेवल्यावर गिलावा किती टिकतो त्याचं. ते आकडे मी घेतलेत."

"कागदाचा रंग?"

"पांढरा?"

खंडाचा कागद हळदीसारखा पिवळा होता. पोरगी खोटं बोलत होती, आणि तेही धड बोलता येत नव्हतं तिला. फ्लावियाने मरून खंड तिच्यापुढे सरकवला. "दाखव."

मुनिबाने घाईघाईने पान तीन काढलं. वाचलं. पुन्हा वरचा मथळा वाचला. मग चार, पाच, सहा. तिने खंडाचा कणा तपासला, वर्ष पाहिलं, अंक पाहिला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा नाहीये इथे!" ती ओरडलीच. वाचनालयातली चार डोकी वर झाली. "मॅडम, लेख इथे होता. कुणी बदललं हे?"

आता आली का पंचाईत! ज्याने लेख स्वतः रचला, त्याला तो जागेवर नाही याचं आश्चर्य कशाला वाटेल? चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण या पोरीच्या मनात तर काळोखच दिसत होता. ती लेख वाचल्याचं खोटं सांगत होती, आणि लेख आहे हे मात्र मनापासून मानत होती. ही दोन्ही एकाच डोक्यात कशी नांदतात हे फ्लावियाला काही केल्या उमगेना.

"तुझ्या गटातलं आणखी कोण लायब्ररीत बसायचं?" तिने विचारलं.

मुनिबाने खंड मिटला. "जबाबदारी माझी आहे, मॅडम. लीडर मी आहे," एवढंच म्हणाली आणि दप्तर उचलून चालती झाली.

३

अनय सापडला पार्किंगमध्ये, गाडीचा एसी लावून आत बसलेला. पुण्याच्या आईबापांचा मस्कतात वाढलेला मुलगा. सगळे म्हणायचे की त्याचा अर्धा गृहपाठ कॉम्प्युटरच लिहितो, म्हणून परेरा सरांचा पहिला संशय याच्यावर.

"मॅम, मी फक्त कॅल्क्युलेशन केलंय," त्याने काच खाली करत सांगितलं. "आकडे मुनिबाने दिले, मी टाकीची जाडी काढली. तो लेख मी बघितलाही नाही. खरंच! सोर्स विचारू नका, सोर्स मीच आहे."

"फाजीलपणा पुरे. मुनिबाचं नाव कमी होणार आहे रविवारी."

अनयचा चेहरा उतरला. त्याने गाडी बंद केली आणि बाहेर उन्हात येऊन उभा राहिला. "मुनिबा असलं करणार नाही, मॅम. ती मला स्वल्पविरामासाठी ओरडते."

"मग लेख आणला कुणी?"

"महमूद असायचा लायब्ररीत. एकदा मी त्याला जेवायला बोलवायला गेलो होतो. एक जाड मरून पुस्तक घेऊन बसला होता. जवळजवळ संपवलंच होतं त्याने."

"कशावरून?"

"दिसतं ना! सगळा जाड भाग डाव्या हाताखाली, आणि उजवीकडे दोन-चार पानं उरलेली. मी म्हटलं, संपव आणि चल. तर म्हणाला, आत्ता तर बसलोय, तू जा. लायब्ररी बंद होईपर्यंत बसला असेल. चार पानांना एवढा वेळ?" अनयने खांदे उडवले. "मला वाटलं, झोप काढतोय."

म्हणजे मरून खंड महमूदने हाताळला होता, हे खरं. पण तो होता खंडाच्या शेवटाशी, आणि संदर्भातली पानं होती अगदी सुरुवातीची. फ्लाविया ऑफिसात परतली ती डोकं खाजवतच.

४

महमूद तेव्हा दुकमला, बंदराच्या कामावर प्रशिक्षणाला गेलेला. तिथे फोनला रेंज धड नाही. फ्लावियाने इंग्रजीत निरोप पाठवला की सारूजचा लेख सापडत नाही, तू तो कुठे वाचलास ते नक्की सांग. संध्याकाळी त्याचा रेकॉर्ड केलेला निरोप आला, मागे वाऱ्याचा घोंघाट.

"मॅडम, सापडत नाही म्हणजे काय? लायब्ररीत, मरून खंडात. पहिलाच लेख आहे! उघडला की समोर. पान तीन ते चौदा. मला कशाला विचारता? पुस्तक तिथेच आहे, उघडा ना. यल्ला, निघतो, साइटवर बोलावताहेत, रविवारी सकाळी येतोच आहे मी."

फ्लावियाने तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मुलगा वैतागला होता. त्याच्या बोलण्यात भीती कुठे नव्हती.

पण मग हे काय गौडबंगाल? महमूद म्हणतो, पहिला लेख, उघडताच समोर. अनय म्हणतो, हा तर खंडाच्या शेवटच्या पानांवर बसलेला. दोघांतला एक खोटं बोलतोय हे उघड आहे. अनयला खोटं बोलून काय मिळणार? आणि महमूदला खोटंच बोलायचं असतं, तर पान उघडून सहज पकडता येईल असं खोटं तो कशाला बोलेल?

तिने खंड पुन्हा काढला. शिवण तपासली, एकही पान कापलेलं नाही. दुसरा अंक मधे घुसडला म्हणावं तर पानांचे आकडे सलग. मुनिबा ओरडली तसं कुणी खंडच बदलला असेल का? पण तशा दुसऱ्या प्रतीची नोंद कुठेही नव्हती. परेरा सरांनी जाता जाता दारातून विचारलं, "काही निघालं?" फ्लावियाने मान हलवली. "नाही ना? अगं, कधी कधी सरळ असतं ते सरळच असतं. पोरीनं बनवलं आणि आता कावरीबावरी झालीय." ते गेले आणि फ्लावियाला वाटलं, असेलही. आपण तिला उगीच डोक्यावर घेतली असेल.

शुक्रवार-शनिवार ग्रंथालय बंद. हातात खंड नाही, पोरं आपापल्या घरी, आणि रविवार तोंडावर आलेला.

५

शुक्रवारी चर्च सुटल्यावर फ्लावियाला राहवेना. मुनिबाचं घर रुवीतच होतं, मनी एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तिच्या आईने, अमीरुन्निसाने.

"या मॅडम, या. काय सांगू तुमाला?" तिने फ्लावियाचा हात धरूनच आत नेलं. "पोरीनं कालपासून तोंड उघडलान नाय. तिच्या बापाला अजून सांगितलेला नाय मी. नाव काढतील म्हनतात, खरा काय? माझी पोर चोरटी नाय हो!"

फ्लावियाने त्या बाईच्या हातावर थोपटलं. आतल्या खोलीत मुनिबा पलंगावर बसली होती. आई चहाला गेली तसं तिने दार लोटलं.

"मॅडम, मी लेख वाचलाच नाही."

"ते मला कळलं होतं."

"महमूदने वाचला. कॅन्टीनमध्ये मला सगळं सांगितलं, इंग्रजीत. टेबलातले आकडे, नाव, पानं, सगळं. मी लिहून घेतलं आणि उघडून बघणार होते, पण सबमिशन आलं. आणि तुमचा रूल... सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी वाचलाय. एकदा म्हटलं, मग मागे कशी येऊ?"

"मग सरांना त्याचं नाव का नाही सांगितलंस?"

"लेख खरंच नसेल तर?" मुनिबाचे डोळे भरले. "त्याने जर मला फसवलं असेल, तर तोही जाईल. आणि नसेल फसवलं, तर मी त्याच्यावर ढकलल्यासारखं होईल. मला काहीच कळत नाहीये, मॅडम. तो असं करणार नाही. पण लेख तर नाहीये!"

फ्लाविया चहा पिऊन खाली उतरली तेव्हा तिला मुनिबाचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्हींत जास्त कोणतं हे सांगता आलं नसतं. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं, तिचा चष्मा दुरुस्तीला दिलेला. दुकान बंद. काचेवर एक कागद, डावीकडे इंग्रजीत 'बंद', उजवीकडे अरबी. तिने काचेवर टकटक केलं, आत डोकावली, पुन्हा टकटक केलं.

शेजारी एक ओमानी बाई आल्या, काळ्या अबायात, हातात चष्म्याचीच पावती. त्यांनी कागद वाचला आणि सरळ निघाल्या.

"सुनिये," फ्लावियाने हाक मारली, "दुकान बंद आहे ना?"

"बंद नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "मागच्या गल्लीत गेलंय. लिहिलंय ना."

"इंग्रजीत तर फक्त बंद म्हटलंय!"

"इंग्रजीत असेल," त्या हसल्या. "अरबीत पत्ता दिलाय. दोन्हीकडे एकच लिहिलं पाहिजे, असं कुठे आहे?"

आणि त्या गेल्यासुद्धा. फ्लाविया त्या कागदासमोर तशीच उभी राहिली. चष्मा विसरली, ऊन विसरली. "अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली, "दोघंही खरं बोलत होते!"

६

रविवारी सकाळी ग्रंथालयाचं दार उघडलं तेव्हा फ्लाविया पायरीवर हजर होती. समितीला तास-दीड तास होता. तिने परेरा सरांना बोलावलं, मुनिबाला बोलावलं, अनय न बोलावताच आला. शेवटी महमूद आला, दुकमहून बसने, अंगातल्या पायघोळ दिशदाशाला प्रवासाच्या चुण्या पडलेल्या.

"सर, आता कुणी काही बोलू नका," फ्लाविया म्हणाली. मरून खंड तिने टेबलावर ठेवला, इंग्रजी अक्षरांची बाजू वर करून. "महमूद, लेख काढ."

महमूदने खंड उचलला, सहज उलटा केला, आणि उजवीकडून उघडला. अरबीतली अनुक्रमणिका, मग पान तीन. त्याने खंड सरांकडे फिरवला. "हा काय. पहिलाच."

लेख अरबीत होता. शेवटी चार ओळींचा इंग्रजी सारांश होता, आणि त्यावर अहवालातलं नाव अक्षर न् अक्षर तसंच.

परेरा सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे मागच्या बाजूला कसं?"

"त्याच्यासाठी ती पुढची बाजू आहे, सर," फ्लाविया म्हणाली. "हे नियतकालिक दोन्हीकडून सुरू होतं. डावीकडून इंग्रजी लेख, उजवीकडून अरबी लेख, आणि दोन्हीकडे पानं एकपासून. म्हणजे पान तीन या खंडात दोन आहेत. महमूद म्हणाला, पहिला लेख, ते बरोबर. अनयने त्याला पाहिलं तेव्हा जाड भाग डाव्या हाताखाली होता, तेही बरोबर. अनयला वाटलं पुस्तक संपत आलं, खरं तर ते नुकतंच सुरू झालं होतं. ते दोघं एकाच जागेबद्दल सांगत होते, आणि मी खोटं कोण बोलतंय ते शोधत बसले."

"पण मी अरबी पानं पाहिली होती की," परेरा पुटपुटले.

"मीही पाहिली होती! आणि फरफर उलटली. इथे राहून आपल्याला सवय लागलीय ना, अरबी बाजू म्हणजे इंग्रजीचीच नक्कल. पाटीवर तसं, बिलावर तसं. कॉम्प्युटरवर प्रत चढवणाऱ्यांनीही हाच विचार केला असणार, तेच तेच दोनदा कशाला, म्हणून अर्धाच खंड चढवला. पोरांना मी सांगते, उघडा आणि वाचा, आणि स्वतः अर्धंच पुस्तक उघडलं."

"तू अरबी म्हणून का नाही सांगितलंस रे?" अनयने महमूदला विचारलं.

महमूदला प्रश्नच कळला नाही. "सांगायचं काय त्यात? पुस्तक उघडलं की दिसतं."

परेरा सरांनी हसून टेबलावर थाप मारली. "खलास, मिटलं! लेख आहे. मी समितीला सांगतो, तक्रार मागे. जा मुनिबा, घरी फोन कर."

मुनिबा हलली नाही. "सर, मी लेख वाचला नव्हता. मी खोटं सांगितलं तुम्हाला. महमूदने सांगितलं ते मी लिहिलं."

हे फ्लावियाला माहीत होतं, आणि सांगावं की नाही यावर तिने दोन दिवस स्वतःशी भांडण केलं होतं. मुनिबाने ते भांडण मिटवून टाकलं.

परेरा सरांनी खंड तिच्यापुढे सरकवला. "मग आता वाच," ते म्हणाले. "तुला अरबी येत नाही, तर त्याला वाचू दे, तू ऐक. एक ओळ सोडायची नाही."

महमूद वाचू लागला, एकेक वाक्य, मग त्याचं इंग्रजी. भाजलेली माती, चुन्याचं प्रमाण, टेबल. आकडे अहवालाशी तंतोतंत जुळले. मुनिबाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. मग पान बारा आलं, तेरा आलं, आणि महमूदचा आवाज मंदावला.

"हे मी वाचलं नव्हतं," तो म्हणाला. "टेबल मिळालं, तेवढ्यात लायब्ररी बंद झाली."

"काय लिहिलंय?"

"हे सगळे आकडे गोड्या पाण्याचे आहेत. मचूळ पाण्यात हेच मिश्रण..." त्याने ओळ पुन्हा वाचली. "मऊ पडतं. गळती लागते. किनाऱ्याच्या भागात वापरू नये, असं ते म्हणताहेत."

मामाची वाडी बातिनाच्या समुद्रकिनाऱ्यावर होती. अनय खाली मान घालून आपल्याच आकडेमोडीकडे बघत राहिला.

परेरा सरांनी घसा साफ केला. "हे बघ मुनिबा. समितीपुढे प्रश्न एकच आहे, लेख खरा की बनावट. तो खरा आहे. अहवाल दाखल झालाय, गुण पडतील, पुढच्या महिन्यात पदवी हातात येईल. बाकीचं आपण नंतर..."

"आणि टाकी?" मुनिबाने विचारलं.

"मामाने चुना आणून ठेवलाय," महमूद म्हणाला. "या आठवड्यात लिंपणार आहेत."

मुनिबाने अहवाल जवळ ओढला. "सर, मी हा मागे घेते. समितीला मीच सांगते."

"अगं, मग यंदा पदवी नाही! अख्खं सत्र जाईल. घरी काय सांगशील?"

"खरं ते सांगेन." आणि मग तिला रडू फुटलं, धो धो, लहान मुलीसारखं. फ्लावियाने तिला जवळ घेतलं. आपल्यालाही रडू येतंय हे तिने लपवलं नाही.

महमूदने मामाला फोन लावला. काय झालं ते तो अरबीत सांगू लागला, तेवढ्यात मुनिबाने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "मला दे. चूक माझी आहे."

तिचं अरबी बाजारापुरतं, तेही मोडकं. पण तिने ते सगळं मोडकं अरबी गोळा केलं आणि सांगितलं, की काका, लिंपू नका. मी न वाचता लिहिलं. मला माफ करा. पलीकडून म्हातारा काहीतरी बोलला, चढ्या आवाजात, आणि फोन बंद झाला.

"रागावले?" मुनिबाने विचारलं.

"रागावले तर आहेत," महमूद म्हणाला. "म्हणाले, त्या पोरीला सांग, माझ्या विहिरीचं पाणी तिने चाखलंय का कधी? आधी येऊन चाख म्हणावं, मग लिही."

मुनिबा फ्लावियाकडे वळली.

"मॅडम, समिती झाली की तुमची गाडी मिळेल?"

फ्लावियाने पर्समधून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"मिळेल," ती म्हणाली. "पण चालवशील तू. मी बाजूला बसते."